ट्रॉली उघड्यावरच ठेवायची असेल, तर…

गळीत हंगाम संपतो, शेवटची खेप गव्हाणीत रिकामी होते आणि ट्रॅक्टर गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली जातो. ट्रॉली मात्र बांधाच्या कडेला सोडलेली असते. मार्च-एप्रिलपासून ते पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ती मधूनमधून खताच्या किंवा मुरमाच्या खेपेला जुंपली जाते, बाकी सगळा काळ उन्हात आणि पावसात उभी. द्राक्षबागेतल्या लहान ट्रॅक्टरची अरुंद ट्रॉली असो, कोकणातल्या पॉवर टिलरमागची छोटी ट्रॉली असो की उसाची मोठी, बहुतेकींच्या डोक्यावर छप्पर नसते. नुसत्या ट्रॉलीसाठी शेड बांधणे सगळ्यांना परवडत नाही. म्हणून ‘ट्रॉली शेडमध्ये ठेवा’ हा सल्ला बरोबर असला तरी अनेकांच्या उपयोगाचा नाही. ट्रॉली उघड्यावरच राहणार आहे, असे धरून काय करता येईल ते इथे सांगितले आहे.

सुरुवातीला एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. रंग शाबूत असलेला पत्रा पावसात भिजला आणि वाऱ्याने सुकला तर त्याचे फारसे बिघडत नाही. तो सडतो ते ओल तासन्‌तास, दिवसचे दिवस एकाच जागी टिकून राहिल्यामुळे. गावातल्या कोणत्याही जुन्या ट्रॉलीला जाऊन पाहा. भोके ठरावीक ठिकाणीच पडलेली दिसतील: हौद्याचे मागचे कोपरे, फाळक्याच्या बिजागरीखालची पट्टी, तळाचा पत्रा आणि त्याखालचे आडवे चॅनेल यांच्यामधली फट, आणि चौकोनी पाइपचे पोट. या सगळ्या जागी माती अडकते आणि ती माती ओल धरून ठेवते. म्हणून पाणी साचू द्यायचे नाही, ओल धरणारी घाण राहू द्यायची नाही आणि जमिनीतला ओलावा लोखंडाला व रबराला लागू द्यायचा नाही. पुढची सगळी कामे या तीन गोष्टींसाठीच आहेत.

कामे कधी करायची?

शेतकऱ्याच्या वर्षात यासाठी सोयीचे टप्पे आधीच आहेत. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास धुणे, गंज काढणे आणि रंगकाम. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी ग्रीसिंग करून ट्रॉली जागेवर उभी करणे. पोळ्याच्या आसपास, पाऊस जरा उघडला की एक पाहणी. आणि दसऱ्याला अवजारे धुऊन पुजण्यासाठी बाहेर काढतोच, तेव्हा हंगामापूर्वीची पूर्ण तपासणी. उन्हाळ्यातली कामे जूनवर ढकलू नयेत. वळवाचे दोन पाऊस पडून गेले की पत्रा पूर्ण कोरडा मिळत नाही आणि ओलसर लोखंडावर दिलेला रंग लवकरच पापुद्र्यासारखा सुटतो.

धुणे: चिखलापेक्षा खत घातक

ट्रॉलीतून आपण वर्षभर काय काय वाहतो, ते आठवा. रासायनिक खते, शेणखत, मळी, ऊस, फवारणीच्या पाण्याचे पिंप. ओल्या शेणखताचा अंश कोपऱ्यात राहिला की ती जागा महिनोन्‌महिने दमट राहते. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो. म्यूरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यातले क्लोराइड लोखंडाला खाऱ्या वाऱ्यातल्या मिठाइतकेच वाईट. द्राक्षपट्ट्यात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे मोरचूद. रंग उडालेल्या जागी मोरचुदाचे पाणी सांडले तर थोड्याच वेळात तिथे तांबूस थर दिसतो. मोरचुदातले तांबे पत्र्यावर बसते आणि त्याच्या बदल्यात पत्र्यातले लोखंड विरघळून निघून जाते. म्हणजे त्या डागाखाली पत्रा तितका पातळ झालेला असतो.

म्हणून खताची किंवा फवारणीची खेप झाली की त्याच दिवशी हौदा साध्या पाण्याने धुऊन काढावा. हंगाम संपताना मोठी धुलाई करावी. आधी कोरड्या हौद्यातली माती खुरप्याने आणि ताठ झाडूने काढावी. फाळके पूर्ण उघडून बिजागऱ्यांमागची घाण टोकरावी. मग खाली वाकून आडव्या चॅनेलच्या वरच्या कडा, पाट्यांच्या मधल्या फटी आणि मडगार्डची आतली बाजू धुवावी. हौदा आतून चकाचक आणि खालून चिखलाने लिंपलेला, अशा ट्रॉल्या जागोजागी दिसतात, आणि त्या खालूनच सडतात.

मोटरच्या दाबाच्या पाण्याने धुताना एक पथ्य पाळावे. फवारा चाकाच्या मध्यभागी, हबवर, सरळ मारू नये. जोराचे पाणी ऑइल सील ओलांडून बेरिंगमध्ये शिरते आणि तिथून ते बाहेर पडत नाही. धुतल्यावर ट्रॉली निदान दोन दिवस कडक उन्हात फाळके उघडे ठेवून वाळवावी. त्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये.

गंज काढणे आणि रंग

पूर्ण ट्रॉली दरवर्षी रंगवायची गरज नाही. जिथे रंग उडाला आहे, फुगला आहे किंवा तांबूस डाग दिसतो आहे, तेवढ्याच जागा धराव्यात. फुगलेला रंग पट्टीने खरवडावा, तारेच्या ब्रशने सुटा गंज काढावा आणि मग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड दिसू द्यावे. भोवतालच्या चांगल्या रंगाची कडही थोडी घासावी, म्हणजे नवा रंग जुन्यावर नीट धरतो. थिनरने पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर द्यावा, कारण उघडे लोखंड रात्रभर ठेवले तर दवाने पुन्हा गंजू लागते. प्रायमर पूर्ण वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात. काम सकाळी किंवा ऊन कलल्यावर करावे. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर रंग वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि मग सुरकुततो.

पत्र्याला भोक पडले असेल तर त्यावर नुसता तुकडा ठेवून वेल्डिंग करू नये. जुना सडका पत्रा आणि नवा तुकडा यांच्यामध्ये पाणी शिरून दोन्ही सडतात. सडका भाग कापून काढावा, चांगल्या पत्र्यापर्यंत जावे आणि तिथे नवा तुकडा बसवून सलग वेल्डिंग करून घ्यावे.

हौद्याच्या मागच्या कोपऱ्यांत पाणी जायला वाट नसेल तर प्रत्येक कोपऱ्यात 10 ते 12 मिलिमीटरचे एकेक भोक पाडून घ्यावे. भोक फक्त पत्र्यात असावे, चेसीसच्या चॅनेलमध्ये नको. धान्य किंवा वाळू वाहताना त्यात लाकडी खुंटी ठोकता येते. चौकोनी पाइपची तोंडे उघडी असतील तर ती पत्र्याने बंद करावीत आणि पाइपच्या खालच्या बाजूला एक बारीक छिद्र ठेवावे, म्हणजे आत साठलेले पाणी निथळून जाईल.

आता काळ्या ऑइलबद्दल. इंजिनमधून काढलेले जुने ऑइल ट्रॉलीच्या पोटाला फासायची पद्धत गावोगाव आहे. पाणी दूर राहते, हे खरे. पण त्या ऑइलमध्ये आम्ल आणि धातूचा कीस असतो, त्यावर धूळ चिकटून थर जमतो, टायर आणि वायरींच्या रबराला ते खराब करते. शिवाय पावसात ते ओघळते आणि आपल्याच मातीत, पुढे विहिरीत जाते. ट्रॉलीखालच्या जमिनीत आपण पीक घेतो. त्यामुळे काळे ऑइल वापरू नये. उघड्या पिना, बिजागऱ्या आणि नटांच्या आट्यांना स्वच्छ ग्रीस लावावे आणि पोटाला रंग किंवा चेसीससाठी मिळणारे गंजरोधक कोटिंग द्यावे.

हब आणि बेरिंग: न दिसणारे नुकसान

पत्र्याचा गंज डोळ्यांना दिसतो, बेरिंगचा दिसत नाही. चाक वर्षभर चिखला-पाण्यातून फिरलेले असते. हबमध्ये शिरलेले थोडेसे पाणी ट्रॉली चालती असताना फार त्रास देत नाही, पण ती चार महिने एका जागी उभी राहिली की रोलर जिथे टेकलेले असतात नेमके तिथेच गंजाचे ठिपके पडतात. हंगामात ओझे भरले की त्या ठिपक्यांवरून बेरिंग उखडायला सुरुवात होते. म्हणून बेरिंग उघडून ग्रीस बदलायचे काम पावसाळ्यापूर्वी करावे.

सपाट, टणक जागा घ्यावी. दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड लावावेत. जॅकखाली जाड फळी ठेवावी आणि चाक उचलल्यावर ॲक्सलखाली घोडी लावावी. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या ट्रॉलीखाली हातही घालू नये. आता चाक हाताने फिरवून कान द्यावा. करकर किंवा खरखर आली तर बेरिंग बिघडले आहे. मग चाक वरून आणि खालून धरून हलवून पाहावे. खडखड जाणवली तर नट ढिला आहे किंवा बेरिंग झिजले आहे.

हबचे टोपण काढले की ग्रीस दिसते. ते एकसारखे आणि मऊ असेल तर ठीक. दुधाळ, पांढरट झाले असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. कॉटर पिन काढावी, नट आणि वॉशर काढून बाहेरचे बेरिंग ओढावे, हब उतरवून आतले बेरिंगही काढावे. दोन्ही रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये स्वच्छ धुऊन फडक्याने कोरडी करावीत. हवेच्या दाबाने गरगर फिरवू नयेत. ग्रीस नसलेले बेरिंग तसे फिरवल्याने खराब होते आणि हाताला इजाही होऊ शकते. उजेडात रोलर पाहावेत. निळसर झाक म्हणजे ते तापलेले आहे, खड्डे किंवा काळे ठिपके म्हणजे गंज लागला आहे. दोन्ही बाबतींत नवे बेरिंग घ्यावे आणि हबमधली त्याची वाटीही सोबतच बदलावी. जुन्या वाटीत नवे रोलर घातले तर ते लवकर जातात.

ग्रीस कोणते हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हबसाठी लिथियम ग्रीस, जाडीचा क्रमांक 2 किंवा 3. स्वस्त चेसीस ग्रीस बहुधा कॅल्शियमचे असते. ते पाण्याला दाद देत नाही, पण 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पातळ होऊन ओघळते. म्हणून ते बिजागऱ्या, पाट्यांच्या पिना आणि दांडीची कडी यांना उत्तम, हबला नाही. दोन्ही जाती एकत्र करू नयेत, मिश्रण पातळ पडू शकते. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेरिंगची रुंद बाजू त्यात दाबत जावे. दुसऱ्या बाजूने रोलरच्या मधून ग्रीस डोकावले की तेवढा भाग भरला. असे पूर्ण गोल फिरवावे. वरून लिंपलेले ग्रीस आत जात नाही.

बसवताना ऑइल सील नवे घालावे, त्याची किंमत बेरिंगच्या मानाने किरकोळ असते. चाक फिरवत फिरवत नट आवळावा. चाक जड झाले की नट इतपत मागे घ्यावा की चाक मोकळे फिरेल पण हलवल्यावर खडखडणार नाही. तिथे जवळच्या खाचेत नवी कॉटर पिन घालून तिची टोके वळवावीत. जुनी पिन सरळ करून पुन्हा घालू नये. वाकवून सरळ केलेली तार तिथेच तुटते, आणि ती तुटली तर चाक निघते. हे काम पूर्वी केलेले नसेल तर पहिल्या वेळी जाणत्या मेकॅनिकला बोलवावे आणि शेजारी बसून पाहावे.

जागा कुठली निवडावी?

काळ्या मातीवर ट्रॉली ठेवू नये. पाऊस पडला की चाके रुततात, माती टायरला आणि रिमला चिकटून राहते आणि ट्रॉली एका बाजूला कलते. जरा उंचावरची, पाणी निघून जाणारी जागा घ्यावी आणि तिथे अर्धा फूट मुरूम व खडी दाबून ओटा करावा. ओट्यावर ट्रॉलीखाली गवत वाढू देऊ नये. पावसाळ्यातले गवत खालची हवा कोंडते आणि ओल धरते, शिवाय त्यात साप आणि उंदीर आसरा घेतात.

झाडाखालची सावली उन्हाळ्यात टायरसाठी चांगली. पावसाळ्यात मात्र तिथे पालापाचोळा हौद्यात साठतो, पाऊस थांबल्यावरही पाणी ठिबकत राहते आणि वादळी वाऱ्यात फांदी पडण्याची भीती असते. त्यामुळे मृगापूर्वी ट्रॉली झाडाखालून हलवावी. कडब्याच्या गंजीला किंवा पऱ्हाट्यांच्या ढिगाला खेटून ठेवू नये. आणि विजेच्या तारांखाली तर कधीच नाही. हायड्रॉलिक ट्रॉलीचा हौदा उचलला की तो सहज तारेला लागतो, आणि त्यात जीव गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

उभी करण्याची रीत

10 फूट लांब आणि 6 फूट रुंद हौद्याचे क्षेत्र सुमारे साडेपाच चौरस मीटर भरते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पाणी जायची वाट पाल्याने बुजली असेल आणि 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर हौद्यात साडेपाचशे लिटरहून जास्त पाणी, म्हणजे साडेपाचशे किलोहून जास्त वजन साठते. कोकणात पावसाळाभरात 2500 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे सपाट उभी केलेली, फाळके बंद केलेली ट्रॉली म्हणजे पाण्याची टाकीच होते.

म्हणून दोनचाकी ट्रॉली उभी करताना दांडीखालचा टेकू असा ठेवावा की पुढचा भाग मागच्यापेक्षा चार ते सहा इंच उंच राहील, आणि मागचा फाळका उघडा ठेवावा. पाणी आपोआप मागे वाहून जाईल. टेकू मातीवर न ठेवता फरशीवर किंवा जाड फळीवर ठेवावा, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात तो रुततो आणि उतार उलटा होतो. पुढचा भाग उंचावल्यावर ट्रॉली मागे कलंडू नये म्हणून चेसीसच्या मागच्या टोकाखालीही एक टेकू द्यावा. चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत.

पाणी निथळावे म्हणून हायड्रॉलिकवर हौदा उचलून ठेवायचा मोह टाळावा. नळीतले ऑइल हळूहळू गळते किंवा एखादे मूल लिव्हरला हात लावते आणि हौदा खाली येतो. दुरुस्तीसाठी हौदा उचलावाच लागला तर त्याला भक्कम आडवा टेकू दिल्याशिवाय कोणीही खाली जाऊ नये. उभी ठेवताना हौदा पूर्ण खाली आणावा. त्यामुळे जॅकचा चकचकीत दांडा आत राहतो. तो बाहेर राहिला तर त्यावर गंजाचे ठिपके पडतात आणि तेच ठिपके पुढे आतले सील फाडतात.

ट्रॉलीला हँडब्रेक असेल तर चार महिन्यांसाठी तो ओढून ठेवू नये. ओलाव्याने लायनर ड्रमला चिकटतात. थांबवण्याचे काम दगडांवर सोपवावे.

टायर

ट्रॉलीचे टायर झिजून जाण्याआधी बऱ्याचदा उभ्या-उभ्याच मरतात. ऊन आणि हवा यांनी रबर कडक होते, कडेला बारीक चिरा पडतात. कमी हवेवर महिनोन्‌महिने ओझे पेलले की जिथे टायर टेकतो तिथली कड दुमडते आणि आतला धागा तुटतो.

शक्य असेल तर ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना घोड्या लावून चाके जमिनीपासून बोटभर उचलावीत. शक्य नसेल तर टायरखाली जाड फळ्या किंवा फरशी ठेवावी, कडेवर लिहिलेल्या मर्यादेत हवा पूर्ण भरावी आणि महिन्यातून एकदा ट्रॉली थोडी पुढे-मागे करून चाकाचा टेकणारा भाग बदलावा. उन्हाच्या बाजूच्या टायरला प्लायवूडचा तुकडा किंवा जुना पत्रा आडवा लावावा. टायर चमकवणारी तेलकट द्रव्ये लावू नयेत.

टायर जुना घेतला असेल, आणि ट्रॉलीला ट्रकचे उतरवलेले टायर घालणे सर्रास चालते, तर त्याचे वय पाहायला शिका. कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांनंतर दर हंगामाला बारकाईने तपासावा आणि दहा वर्षांपलीकडचा टायर ओझ्याला वापरू नये.

सुटे टायर ट्रॉलीशेजारी आडवे टाकून ठेवू नयेत. त्यात साठलेल्या पाण्यात डेंगी पसरवणारा डास अंडी घालतो. टायर उभे ठेवावेत, छपराखाली किंवा झाकून. हौद्यातले साचलेले पाणीही त्याच कारणासाठी आठवड्यातून एकदा तरी काढलेच पाहिजे.

ताडपत्री: झाकावे, पण गुंडाळू नये

ताडपत्रीने ट्रॉली जमिनीपर्यंत गच्च लपेटली की आत ओल कोंडते. जमिनीतून उठणारी वाफ ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते आणि रात्रंदिवस पत्र्यावर ठिबकते. अशी झाकलेली ट्रॉली न झाकलेल्या ट्रॉलीपेक्षा लवकर गंजू शकते. झाकायचेच असेल तर हौद्याच्या मधोमध लांबीत एक बांबू उंचावर बांधावा आणि त्यावरून ताडपत्री दोन्हीकडे उतरती सोडावी. ती बाजूच्या फाळक्यांच्या थोडी खाली येऊ द्यावी, चाकांच्या खाली नको. पुढून-मागून वारा खेळला पाहिजे. दोर अशा रीतीने बांधावा की वाऱ्यात ताडपत्री रंगावर घासणार नाही. कोपऱ्यांवर जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवले की ती फाटतही नाही. खताच्या रिकाम्या गोण्या न धुता झाकायला वापरू नयेत, कारण त्यांतले खताचे कण पावसाबरोबर पत्र्यावर उतरतात.

चांगली ताडपत्री नसेल तर फाळका उघडा, उतार दिलेला आणि रंग शाबूत असलेला हौदा उघडा राहिलेला बरा.

वायरिंग, कागद आणि कुलूप

मागच्या दिव्यांची पिन उलटी करून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावी, म्हणजे पाणी आत न साठता निथळते. पिनेच्या पितळी टोकांना थोडे व्हॅसलिन लावावे. वायर लोंबकळत असेल तर वर बांधावी, उंदरांना ती खालूनच सापडते.

शेतात उभ्या ट्रॉल्या चोरीला जातात. दांडीची पिन काढून घरी ठेवावी, चाक आणि चेसीस यांमधून साखळी घालून कुलूप लावावे. चेसीस नंबर कुठे ठोकला आहे ते शोधून त्याचा आणि पूर्ण ट्रॉलीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. रंगकाम करताना तो नंबर बुजणार नाही याकडे लक्ष द्यावे. नोंदणीची आणि विम्याची मुदत याच वेळी पाहावी. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून ट्रॉलीचाही आहे, असे धरून चालू नये. पॉलिसीवर ट्रॉलीची नोंद आहे का, ते वाचून खात्री करावी.

पोळ्याच्या सुमाराची फेरी

पाऊस उघडलेल्या दिवशी अर्धा तास काढावा. कोपऱ्यांतली भोके बुजली असतील तर तारेने मोकळी करावीत, टेकू रुतला आहे का पाहावे, टायरची हवा तपासावी, गवत कापावे. ट्रॉलीखाली हात घालण्याआधी काठीने आवाज करावा. घोणस, मण्यार यांना अशा कोरड्या आडोशाची जागा आवडते, आणि उघड्या पाइपमध्ये गांधीलमाश्या घर करतात. रंगाला नवा तडा दिसला तर तेवढ्यावर ग्रीस फासून ठेवावे, पक्के काम दसऱ्यानंतर.

दसऱ्याला बाहेर काढताना

हार घालण्यापूर्वी ट्रॉली दोन गोष्टींसाठी बारकाईने पाहावी: दांडी आणि नट.

दांडी चेसीसला जिथे जोडलेली असते, तिथले वेल्डिंग स्वच्छ पुसून उजेडात पाहावे. रंगावर केसासारखी तांबूस रेघ दिसली तर ती नुसता डाग समजू नये. आतल्या तड्यातून गंज बाहेर येत असतो. त्या ट्रॉलीवर ओझे भरू नये, आधी वेल्डरकडे न्यावी. दांडीच्या कडीचे भोक अंडाकृती झाले असेल किंवा पिन मध्यभागी झिजून बारीक झाली असेल तर दोन्ही बदलावे. पिनेच्या जागी सळईचा तुकडा किंवा हाताला लागलेला बोल्ट घालून खेप करू नये. पिनेला खालून अडकवायची छोटी लॉक पिन आणि सोबतीची साखळी नेहमी लावावी.

चाकाचे नट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे असे आलटून-पालटून आवळावेत. यू-बोल्टचे नटही पाहावेत. पहिली खेप अर्ध्या ओझ्याची आणि जवळची ठेवावी. परतल्यावर दोन्ही हबना हाताचा मागचा भाग लावून पाहावा. कोमट लागले तर ठीक. एक हब दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल किंवा हात ठेववत नसेल, तर नट जास्त आवळला आहे किंवा बेरिंग गेले आहे. चाकाचे नट या खेपेनंतर पुन्हा एकदा आवळावेत, कारण रंग किंवा गंजाचा थर दबल्याने ते थोडे ढिले पडतात.

शेवटचे काम रेडियमचे. ट्रॉलीला पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल परावर्तक पट्टी लागते. पावसाळ्यात या पट्ट्या सुटतात, त्यांवर शेवाळ आणि धूळ बसते, रंगकामात त्या बुजतात. जुनी पट्टी खरवडून, पत्रा थिनरने पुसून नवी लावावी. उसाची ट्रॉली भरल्यावर मागे लोंबणाऱ्या वाढ्यांनी लाल पट्टी आणि दिवे झाकले जातात. म्हणून मोळ्यांच्या बाहेर दिसेल अशी एक परावर्तक पाटी मागे टांगावी. मग रात्री कोणाला तरी ट्रॉलीमागे वीस-पंचवीस पावलांवर मोटारसायकलचा दिवा लावून उभे करावे आणि स्वतः पाहावे, ती दिसते का. दिसत नसेल तर त्या रात्री ट्रॉली रस्त्यावर आणू नये. गळिताच्या दिवसांत सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या रस्त्यांवर अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळून माणसे जातात, आणि जाणारा बहुधा आपल्याच पंचक्रोशीतला असतो. गंजापासून ट्रॉली वाचवण्यात आपले पैसे वाचतात. या एका पट्टीसाठी लागणारा अर्धा तास दुसऱ्याच्या घरासाठी आहे, आणि तो कितीही घाई असली तरी द्यायचाच.